झाकली मूठ

बोटांवर मराठी भाषेचे विशेष प्रेम आहे. मूल आईचे बोट धरून चालायला शिकते. नवल वाटले की तोंडात बोट जाते. हाताची पाची बोटे सारखी नसतात, असे सांगून घरातली भांडणे मिटवली जातात आणि सरळ बोटाने तूप निघत नाही, असे म्हणून थोडी लबाडीही खपवून घेतली जाते. हाताशी जोडलेली अशीच एक म्हण म्हणजे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’. घरातले उणेदुणे चारचौघांत उघडे करू नये, हा तिचा अर्थ. संसारात ही म्हण पुष्कळदा उपयोगी पडते. पण एक दुखणे असे आहे की त्यात मूठ झाकून ठेवली तर ती पुढे उघडतच नाही.

बोटे तळव्याकडे वळून बसतात आणि मनात आणले तरी सरळ होत नाहीत, असे ते दुखणे.

ज्याची बोटे सरळ होतात त्याला त्यांचे मोल कळत नाही. भाकरी थापायला पंजा सपाट लागतो. पाण्याचा पेला उचलायचा तर बोटे आधी उघडावी लागतात, मग मिटावी लागतात. बांगड्या भरताना, वेणी घालताना, साडीच्या निऱ्या धरताना, तान्ह्याच्या अंगाला तेल चोळताना उघड्या बोटांचेच काम असते. देवापुढे हात जोडले तर वाकड्या बोटांमुळे दोन तळव्यांत फट राहते. दारी आलेल्या पाहुण्याला नमस्कार करताना ती फट पहिल्यांदा दुसऱ्याच्या नजरेला पडते आणि मग हात पदराआड जाऊ लागतो.

सगळी वाकडी बोटे सारखी नसतात

बोट वाकडे दिसले की एकदम घाबरून जाण्याचे कारण नाही. काहींचे एखादे बोट सकाळी मिटलेलेच राहते आणि ओढल्यावर ‘कट्’ असा आवाज होऊन सुटते. ते टेंडनच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीच्या, अडकण्यामुळे होते. पुष्कळ वर्षांच्या मधुमेहात हाताची त्वचा आणि सांधे ताठरतात. अशा रुग्णाला डॉक्टर चक्क नमस्कार करायला सांगतात आणि तळवे एकमेकांना पूर्ण टेकतात का ते पाहतात. भाजलेल्या जखमेचा व्रण आकसूनही बोटे ओढली जातात.

तळव्याच्या त्वचेखालचा पडदा जाड होऊन अनामिका आणि करंगळी आत ओढली जाण्याचाही एक विकार आहे. द्युप्वित्रँ या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८३१ मध्ये त्यावर शस्त्रक्रिया केली, म्हणून त्याला त्याचेच नाव पडले. उत्तर युरोपातील लोकांत तो बराच आढळतो. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या हातावर १९८६ मध्ये त्यासाठीच शस्त्रक्रिया झाली होती. आपल्याकडे मात्र तो त्या मानाने कमी दिसतो.

छत्तीसगढमध्ये करंगळी आणि अनामिका वाकू लागली, आणि त्यांच्याबरोबर हाताची ती कडा बधिर झाली, तर डॉक्टरांच्या मनात निराळीच शंका येते. ती शंका कुष्ठरोगाची. भारतात दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, ही पातळी देशाच्या सरासरीत २००५ च्या अखेरीस गाठली गेली आणि पुष्कळांनी रोग संपला असे मानले. तो संपलेला नाही. छत्तीसगढ तर ज्या राज्यांत त्याचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा अधिक राहिले आहे, त्यांतले एक आहे.

एक घर

रायपूर हे मराठी माणसाला परके शहर नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढवर आला, तेव्हापासून मराठी कुटुंबे या मुलखात येत राहिली. पुढे नोकरी, शिक्षण आणि रेल्वे यांनी आणखी माणसे आणली. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, असा तीन भाषांचा संसार इथे सहज चालतो. महाराष्ट्र मंडळाचा गणपती, संक्रांतीचे हळदीकुंकू यांनी ओळखीपाळखी घट्ट राहतात. ओळखी घट्ट असल्या की बातमीलाही पाय लवकर फुटतात.

अशाच एखाद्या घरातली सून डोळ्यांपुढे आणावी. तिच्या दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा उठला आहे. खाजत नाही, दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती दुर्लक्ष करते. काही महिन्यांनी तिच्या लक्षात येते की तिथे चिमटा काढला तरी कळत नाही. ती सासूबाईंना सांगते. सासूबाई दुष्ट नाहीत. त्यांनीच तिच्या दोन्ही बाळंतपणांत रात्री जागवल्या आहेत. पण त्या दार लोटून घेतात आणि हळूच म्हणतात, “अगं, कुणाला सांगू बिंगू नकोस. धाकटीचं लग्न व्हायचंय अजून.”

सून मान डोलावते. वन्संवर तिचाही जीव आहे. मग लांब बाह्यांची पोलकी शिवली जातात. कुणीतरी सांगितलेले तेल, कुणाचा तरी लेप, एखादा उपास सुरू होतो. चट्टा तसाच राहतो. पुढे कोपरापासून करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. मग भाजी चिरताना करंगळीला जोर येईनासा होतो. एक दिवस गरम कढईचा काठ हाताला लागतो आणि फोड आलेला तिला संध्याकाळी दिसतो, कारण चटका बसलेला तिला कळलेलाच नसतो. वर्षभराने वन्संचे लग्न थाटात होते. मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता टाकताना तिची दोन बोटे मिटलेलीच असतात.

या घरात कोणी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. सगळ्यांनी घराण्याची अब्रू जपली. तिची किंमत एका हाताने दिली.

हात वाकतो कसा?

कोपराच्या आतल्या बाजूला हाडाजवळ कधी टोला बसला की करंगळीपर्यंत वीज गेल्यासारखे होते. तिथे त्वचेच्या अगदी खाली एक मज्जातंतू आहे. अनामिकेची एक बाजू आणि करंगळी यांची संवेदना तोच वाहतो आणि पंज्यातल्या बारीक स्नायूंना हुकूमही तोच पोचवतो. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो. त्वचा आणि त्वचेलगतचे मज्जातंतू हे त्याचे आवडते ठिकाण. नॉर्वेचे डॉक्टर हान्सेन यांनी १८७३ मध्ये हा जंतू शोधला, तेव्हा हा रोग पापाचे फळ नव्हे आणि वंशातून येणाराही नव्हे, हे खरे तर कायमचे ठरून गेले.

मज्जातंतू सुजला की पंज्यातले बारीक स्नायू लुळे पडतात. बोटे मिटणारे मोठे स्नायू मात्र कोपराखाली, हाताच्या पुढच्या भागात असतात. ते धडधाकट राहतात आणि त्यांना तोलून धरणारे कोणी उरत नाही. रस्सीखेचीत एका बाजूचे गडी निघून जावेत, तसे होते. बोटांची मुळे मागे झुकतात, मधले सांधे पुढे वाकतात आणि पंजा आकडीसारखा होतो. दुसराही मज्जातंतू बिघडला तर अंगठाही कामातून जातो.

बोटे झडतात, हा या रोगाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज. जंतू बोटे खात नाही. हाताला वेदना कळत नाही, म्हणून तो भाजतो, कापतो. जखम तशीच कामाला जुंपली जाते, ती चिघळते आणि अशा जखमांनी हाड हळूहळू झिजत जाते. वेदना हा खरे तर हाताचा पहारेकरी असतो. पहारेकरी निघून गेला की घर लुटले जाते.

पकड कुठून आली?

कुष्ठरोग्याच्या वाकड्या हाताचे पुढे काही होऊ शकत नाही, असे डॉक्टरही फार काळ मानत. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड नावाचे तरुण शल्यचिकित्सक आले. त्यांचा जन्म १९१४ चा, तमिळ मुलखातल्या कोल्ली टेकड्यांवरचा. चिंगलपट येथील कुष्ठरोग वसाहतीला भेट देताना त्यांनी एका रुग्णाच्या वाकड्या हातात आपला हात दिला आणि दाबायला सांगितले. हात लुळा असेल अशी त्यांची कल्पना होती. त्या माणसाने दाबला तो असा, की डॉक्टरांना कळ आली. बोटे वाकडी, पण पकड घट्ट. म्हणजे काही स्नायू पूर्ण शाबूत होते.

तिथूनच पुढची वाट सापडली. ज्या शाबूत स्नायूचे काम दुसरा स्नायू सांभाळू शकतो, त्याचे टेंडन सोडवायचे आणि लुळ्या पडलेल्या स्नायूच्या जागी नेऊन जोडायचे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात प्लास्टरमध्ये राहतो. मग फिजिओथेरपी सुरू होते. काल बोट मिटणारा स्नायू आज ते सरळ करायला शिकतो. एखाद्या मुलाने पाटीवर पुन्हा अ आ गिरवावे, तसा हात मेंदूकडून नवा धडा घेतो.

पण हात सुधारलेल्या काही रुग्णांनी ब्रँड यांच्यापुढे एक अनपेक्षित तक्रार मांडली. हा हात भीक मागायला चांगला नाही, असे एकाने सांगितले. वाकडा हात पाहून लोकांना दया येत असे. आता हात बरा दिसतो, पण कुष्ठरोगी म्हणून कामही कोणी देत नाही. मग वेल्लोरला रुग्णांना सुतारकामासारखे धंदे शिकवण्याची सोय करावी लागली. शल्यचिकित्सकाने बोटे सरळ केली, तरी लोकांनी जवळ केल्यावाचून त्या हाताला काम मिळत नव्हते.

आपल्या महाराष्ट्रातही डॉ. नोशीर अंतिया यांनी ही विद्या वाढवली. कुष्ठरोग्यांना गावाबाहेर न ठेवता इतर रुग्णांप्रमाणेच सामान्य रुग्णालयात उपचार मिळावेत, असा त्यांचा आग्रह होता. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

रायपूरच्या माणसाला तर यासाठी वेल्लोर किंवा मुंबई गाठण्याचीही गरज नाही. शहरातच, लालपूर भागात, केंद्र सरकारची प्रादेशिक कुष्ठरोग प्रशिक्षण व संशोधन संस्था १९७९ पासून आहे. निदान, औषधे आणि हातापायांच्या विकृतीवर शस्त्रक्रिया, हे सगळे तिच्या कामात येते. तरीही त्या दिशेच्या रिक्षात बसताना पुष्कळांचे पाय अडखळतात, ते कोणी पाहील म्हणून.

चांपाचे कात्रे, पथ्रोटचे बापट

रायपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी बिलासपूर सोडून पुढे निघाली की चांपा स्टेशन लागते. या भागात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांची सेवा केली. बैतलपूरजवळचे चांदखुरी आणि चांपा इथली त्यांची रुग्णालये जुनी आहेत. रेल्वेत नोकरी केलेले सदाशिव गोविंद कात्रे या मराठी गृहस्थाला कुष्ठरोग झाला आणि उपचारासाठी ते बैतलपूरला आले.

कात्रे बरे होऊन कुठेतरी एकांतात राहिले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी उलटे केले. १९६२ मध्ये चांपाजवळच्या सोंठी गावी त्यांनी भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. आपला रोग झाकण्याऐवजी त्यांनी तो आपल्या कामाची ओळख केला. ज्यांना घरच्यांनी टाकले होते, त्यांच्यापुढे एक रुग्णच आश्रमाचा चालक म्हणून उभा राहिला.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे एक तरुण आला. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट. नागपूरला शिक्षण झालेले बापट तोवर जशपूरच्या वनवासी मुलांना शिकवत होते. सोंठीला ते आले आणि राहिलेच. १९७७ मध्ये कात्रे गेल्यावर आश्रमाची धुरा त्यांनी वाहिली. शेती, गोशाळा, दवाखाना, मुलांचे वसतिगृह असा त्याचा पसारा वाढला. बापटांना स्वतःला रोग नव्हता, पण सारे आयुष्य त्यांनी रुग्णांमध्येच काढले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १७ ऑगस्ट २०१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह बिलासपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट डॉक्टरी पुस्तकापेक्षा अधिक पटवून देते. जो माणूस चार दशकांहून अधिक काळ या रुग्णांच्या सोबतीत वावरला, तो चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन गेला. आणि आपल्याकडे जावेच्या हाताला चट्टा आहे म्हणून तिची कपबशी वेगळी ठेवतात.

कायदा पुढे गेला

समाजाची भीती कायद्यातही उतरली होती. रुग्णांना वेगळे डांबण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा थेट २०१६ मध्ये रद्द झाला. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. औषधाने पूर्ण बरा होणाऱ्या रोगासाठी बायकोला किंवा नवऱ्याला सोडून देण्याची वाट उघडी होती. २०१९ मध्ये ते कारण हिंदू विवाह कायद्यातून आणि त्याबरोबर इतर वैयक्तिक कायद्यांतूनही काढून टाकण्यात आले.

वन्संच्या लग्नाची काळजी करणाऱ्या सासूबाईंना हे कोणी सांगितलेले नसते. त्यांच्या लहानपणी त्यांनी गावाबाहेरची झोपडी पाहिलेली असते. ती झोपडी त्यांच्या मनातून गेलेली नसते.

वेळ महत्त्वाची

आजची वस्तुस्थिती सरळ आहे. तीन औषधांचा मिळून असलेला बहुविध उपचार भारतात १९८३ पासून दिला जात आहे. सरकारी आरोग्य केंद्रांत तो मोफत मिळतो. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना लागण होण्याची भीती उरत नाही. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला तोंड देण्याची ताकद जन्मतःच असते. हात मिळवल्याने, शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने तो असा सहज लागत नाही. लागण होते ती उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात, श्वासावाटे.

जंतू मेला तरी मेलेला मज्जातंतू मात्र गोळ्यांनी जिवंत होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. बोटांतली ताकद किंवा संवेदना कमी होऊ लागून सहा महिने झाले नसतील, तर मज्जातंतूची सूज उतरवणाऱ्या औषधांनी ती परत येण्याची बरीच आशा असते. ही औषधे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. उशीर झाला तर रोग बरा होतो, पण हात वाकडा राहतो. त्या सुनेने पोलक्याच्या बाह्या लांब केल्या, तेव्हा नेमके हेच महिने निघून गेले.

तरीही तिच्यासाठी सगळे संपलेले नाही. बोटे वाकली असली तरी सांधे मऊ राहिले पाहिजेत, म्हणजे शस्त्रक्रिया चांगली साधते. त्यासाठी रोज हात थोडा वेळ पाण्यात भिजवावा, पुसून तेल लावावे आणि दुसऱ्या हाताने बोटे हलकेच सरळ करत राहावी. कढई उतरवताना सांडशी किंवा जाड फडके वापरावे, भांड्यांना लाकडी मुठी बसवून घ्याव्या, रोज रात्री उजेडात हात नीट पाहून फोड किंवा चीर शोधावी. वेदना पहारा देत नसेल तर डोळ्यांनी पहारा द्यायचा. गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला आणि रोग काही महिने शांत राहिला की शस्त्रक्रियेचा विचार होतो.

चट्टा पाठीवर असेल तर तो स्वतःला दिसत नाही. तो दिसतो नवऱ्याला, आईला, न्हाऊ घालणाऱ्या सासूला किंवा वेणी घालणाऱ्या जावेला. पिसाने किंवा कापसाच्या बोळ्याने त्याला हलकेच स्पर्श करावा आणि डोळे मिटून कळते का ते विचारावे. कळत नसेल तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठावा. पुष्कळदा तो चट्टा साध्या शिब्याचा किंवा गजकर्णाचाही निघतो आणि घर हसत परत येते. पण दाखवल्याशिवाय ते कळणार कसे? म्हणून सुनेने बाही वर करून दंड पुढे केला की सासूबाईंनी दार लोटण्याआधी एवढेच म्हणावे, “चल, मीही येते तुझ्याबरोबर.”